आयर्लंडच्या शेतांतली मातीची कडी: हे किल्ले नेमके कोणाचे?

आयर्लंडचा उपग्रहाने टिपलेला नकाशा मोबाइलवर उघडला आणि कुठल्याही ग्रामीण भागात थोडं खाली उतरलं, की एक गोष्ट लगेच खटकते. सगळीकडे चौकोनी हिरवी शेतं, आणि त्यांत मधूनच झाडाझुडपांचं एखादं गोल कडं. शेताचा बांध सरळ येतो, कड्यापाशी वळसा घेतो, पुन्हा सरळ जातो. नांगरटीच्या रेषाही तिथे वाकतात. थोडं बाजूला सरकलं की आणखी एक कडं दिसतं, पलीकडच्या उतारावर तिसरं.

यांना इंग्रजीत रिंगफोर्ट म्हणतात. संपूर्ण आयर्लंड बेटावर अशी 45,000च्या आसपास असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बेटाचं क्षेत्रफळ सुमारे 84,000 चौरस किलोमीटर, म्हणजे सरासरी दर दोन चौरस किलोमीटरला जवळजवळ एक. काही शाबूत आहेत, काहींचा नुसता उंचवटा उरलाय, काही तर फक्त विमानातूनच दिसतात. एवढ्याशा बेटाला इतके किल्ले कशाला लागले असतील, हा प्रश्न कोणालाही पडेल.

आधी आकार समजून घेऊ

रिंगफोर्टची रचना अगदी साधी. जमिनीवर एक वर्तुळ आखायचं. त्या रेषेवर गोल चर खणायचा आणि निघालेली माती चराच्या आतल्या बाजूला रचत जायची. बाहेर चर, आत बांध, आणि बांधाच्या आत सपाट अंगण. बांधावर बऱ्याचदा लाकडी मेढी किंवा काटेरी कुंपण. आत जायला एकच वाट, आणि ती बहुतेक ठिकाणी पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे तोंड करून. तिथे मात्र चर खणलेला नसतो, त्यामुळे माणसं नि गुरं सरळ आत येतात.

पश्चिमेकडे, बरेनसारख्या खडकाळ मुलखात, खणायला मातीच नाही. तिथे चर नसतो, चुना-मातीशिवाय रचलेली जाड दगडी भिंत असते. मातीच्या कड्याला आयरिश भाषेत राथ किंवा लिस म्हणतात, दगडी कड्याला कॅशेल किंवा कॅहर. डब्लिनमध्ये राहणारी मराठी मंडळी रोज रॅथमाइन्स, रॅथफार्नमच्या बसपाट्या वाचतात. लिसमोर, लिस्टोवेल, कॅहरसिव्हीन ही गावांची नावंही त्याच घराण्यातली.

आता माप बघा, कारण सगळी गोम मापातच आहे. बहुसंख्य कड्यांचा आतला व्यास 20 ते 44 मीटरच्या दरम्यान. तीस मीटरचं कडं धरलं तर आतली जागा भरते साधारण सात गुंठे. सात गुंठ्यांत सैन्य मावत नाही. एक कुटुंब मावतं, त्याची दोन-तीन घरं, वासरांची जागा, जळण, खताचा ढीग.

मग त्याला किल्ला का म्हणायचं?

नाव नंतरच्या लोकांनी दिलं. मूळ रहिवासी केव्हाच गेले होते, बांध तेवढे उरले होते, आणि बांध दिसला की लढाई आठवते. सतराव्या-अठराव्या शतकात तर हे सगळे डेन लोकांचे, म्हणजे व्हायकिंगांचे किल्ले आहेत अशी सर्रास समजूत होती. व्हायकिंगांनी आयर्लंडवर पहिली धाड घातली 795 साली. तोवर यांतली पुष्कळ कडी बांधून, वापरून जुनी झाली होती.

‘पण चर आहे, बांध आहे, मेढी आहेत, म्हणजे संरक्षणासाठीच ना?’ हो, पण कोणापासून, ते महत्त्वाचं. ही कडी बहुतेक करून डोंगरमाथ्यावर नसतात, पाण्याचा निचरा होणाऱ्या उतारावर असतात, जिथे गवत चांगलं येतं. बहुतेकांच्या आत विहीर नसते. वेढा पडला तर दोन दिवसांत पाणी संपेल अशा जागी कोणी लढाऊ किल्ला बांधत नाही. लांडगा मात्र या बांधाने अडतो (आयर्लंडमधला शेवटचा लांडगा अठराव्या शतकात मारला गेला). आणि अडतो तो रात्री गुरं पळवायला आलेला टोळीवाला. त्याला झटपट काम उरकून पळायचं असतं. त्याची तासभर खोटी झाली, आरडाओरडा होऊन शेजारच्या कड्यातले लोक जागे झाले, तरी बांधाचं काम झालं. गुरांवरच्या धाडी तिथे इतक्या रोजच्या होत्या, की नव्या राजाने गादीवर बसल्यावर शेजाऱ्यावर एक धाड घालून दाखवायची असा रिवाजच होता.

बांधाचं दुसरं काम होतं दिसण्याचं. साधारण सन 700च्या सुमारास लिहिलेला ‘क्रीथ गॅब्लाख’ नावाचा एक आयरिश कायदेग्रंथ आहे. समाजात कोणाचा दर्जा काय आणि त्या दर्जाला काय काय लागतं, याची त्यात यादीच दिली आहे. राजाचं कडं 140 फुटांचं असावं, आणि त्याच्याभोवती अंकित लोकांनी खणून दिलेला तट असावा, असं तो सांगतो. बाहेरचा जादा तट म्हणजे आपल्यासाठी राबणारे लोक आहेत याचा उघड्यावर मांडलेला पुरावा. आज उरलेल्या कड्यांपैकी पाचांतल्या चारांना एकच बांध आहे. दोन बांधांची थोडी, तीन बांधांची अगदी मोजकी. कॉर्क काउंटीतलं गॅरेन्स हे तीन बांधांचं कडं सुमारे 110 मीटर रुंद आहे. तिथे 1937 साली उत्खनन झालं तेव्हा धातुकामाची साधनं सापडली आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले. ते खरोखर बड्या आसामीचं ठिकाण. बाकीची हजारो साध्या शेतकऱ्यांची.

मला या विषयाचं अप्रूप वाटतं ते याचसाठी. त्या काळातलं जगात कुठेही काय उरलंय ते बघा: देवळं, मठ, राजवाडे, थडगी. चार गाई बाळगून असलेल्या माणसाचं अंगण, त्याच्या दारासकट, हजारोंच्या संख्येने उघड्या रानात उरावं, असं फार थोड्या देशांत झालंय.

सारा हिशेब गाईंचा

त्या काळी आयर्लंडमध्ये नाणं नव्हतं. डब्लिनच्या व्हायकिंगांनी पहिली नाणी पाडली ती सन 997च्या सुमारास. त्याआधी दंड, भाडं, हुंडा, माणसाच्या इज्जतीची भरपाई, सगळं मोजलं जाई गाईत. हिशेबाचं छोटं माप ‘शेट’, म्हणजे अर्धी दुभती गाय. मोठं माप ‘कुमल’, साधारण तीन दुभत्या गाई. पण त्या शब्दाचा मूळ अर्थ गुलाम बाई. गुलामगिरी तिथे होती, आणि ती हिशेबाच्या भाषेतच रुजलेली होती, हे विसरून चालणार नाही.

‘क्रीथ गॅब्लाख’मधला तरुण छोटा शेतकरी, ‘ओकारे’, सात गाई आणि एका वळूचा धनी. त्याचं घर 19 फुटांचं. त्याच्या वरच्या सुखवस्तू शेतकऱ्याकडे 20 गाई, दोन वळू, सहा बैल, 20 डुकरं, 20 मेंढ्या, आणि घर 27 फुटांचं. आता कायदा म्हणजे असावं कसं याचं वर्णन. प्रत्यक्षात तसं होतं कशावरून, असं कोणी विचारेल. याचं उत्तर हाडं देतात. उत्खननांत सापडलेल्या गुरांच्या हाडांत मोठ्या वयाच्या गाई जास्त आणि नर कोवळेपणीच कापलेले दिसतात. मांसासाठी कळप पाळणारा असं करत नाही. दुधासाठी पाळणारा करतो. दूध, दही, लोणी, चीज यांना ते मिळून ‘पांढरं अन्न’ म्हणत आणि उन्हाळाभर त्यावर राहत. हिवाळ्याला ओट आणि जवाचं धान्य.

शेतकऱ्याकडच्या सगळ्या गाई त्याच्याच असत असं मात्र नाही. आपल्याकडे खेड्यांत अजूनही शेळी किंवा गाय अर्धेलीने देतात: जनावर एकाचं, सांभाळ दुसऱ्याचा, वाढीत दोघांचा वाटा. आयरिश सरदार आपली गुरं अशीच खालच्या शेतकऱ्यांना देई. शेतकरी दरवर्षी त्याच्या घरी ठरलेलं अन्न पोचवी, सुगीला राबे, आणि हाक आली की चर खणायला जाई. फरक इतकाच, की अर्धेलीने घेतलेली शेळी आपल्याकडे कोणाला कोणाचा अंकित करत नाही. तिथे गुरं घेतली की माणूस त्या सरदाराचा होई. एकूण बेटावर असे सुमारे दीडशे छोटे राजे होते असं मानतात. कड्यांचं जाळं असं विखुरलेलं का, हे यातून उमगतं. गाव नावाची वस्तीच नव्हती. प्रत्येक घर आपापल्या कुरणात, शेजाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात.

ज्यांना स्वतःची जमीनच नव्हती ते गुलाम आणि अर्धबद्ध कुळं या कड्यांत मालक म्हणून राहत नव्हती. त्यांची घरं बिनकुंपणाची, आणि त्यांचा माग लागणं फार कठीण. कडी सामान्य माणसाची म्हणताना हे ध्यानात ठेवायला हवं, की तो सामान्य माणूस जमीनदार नसला तरी जमीनवाला होता.

कुडाचं एक घर, सन 648

अँट्रिम काउंटीत ग्लेनार्मजवळ डीअर पार्क फार्म्स नावाची जागा आहे. तिथलं राथ पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी नवी घरं बांधून उंच होत गेलं होतं. 1984 ते 1987 दरम्यान ख्रिस लिन यांच्या हाताखाली त्याचं उत्खनन झालं. तळाचे थर पाणथळ निघाले. पाण्यात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड कुजत नाही. एरवी रिंगफोर्टमध्ये घराच्या खुणा म्हणजे मातीतले काळे ठिपके, मेढी रोवल्याच्या भोकांचे. इथे कूडच्या कूड उभे सापडले.

घर गोल, सुमारे सात मीटर व्यासाचं. भिंत हेझलच्या काठ्यांनी विणलेली, आणि एक नाही, दोन: आत एक कूड, बाहेर एक कूड, मधल्या फटीत गवत, नेचे, हेदर असा पाला ठासून भरलेला. थंडी बाहेर ठेवायची ही युक्ती. मधोमध चूल, कडेला डहाळ्या अंथरून केलेली बिछान्याची जागा. घराला मागून चिकटलेलं दुसरं छोटं गोल घर, त्यामुळे वरून पाहिलं तर इंग्रजी आठचा आकडा. कायदेग्रंथ ‘मागचं घर’ म्हणून ज्याचा उल्लेख करतो ते बहुधा हेच.

दाराच्या चौकटीचे ओकचे खांब जागेवर होते. ओकच्या आतली वर्षाची एकेक वलयं मोजून, जाड-बारीक वलयांचा क्रम आधीच तयार असलेल्या पट्टीशी जुळवून, झाड कधी तोडलं ते सांगता येतं. उत्तर आलं सन 648. त्या थरांत चांभाराचा लाकडी साचा सापडला, काचेचे मणी सापडले, निळा रंग देणाऱ्या वोड या झाडाचे अवशेष सापडले. आणि उवा-पिसवांचे अवशेषही. त्या उबदार, दुहेरी कुडाच्या घरात रात्री कोणाकोणाला खाजवत झोपावं लागत होतं, हे त्यांच्यामुळे कळलं.

जमिनीखालची वाट

काही कड्यांच्या अंगणाखाली दगडी भुयार असतं. याला सूटेरेन म्हणतात. आयर्लंडमध्ये अशी हजारांनी माहीत आहेत. चर खणायचा, दोन्ही बाजूंनी दगड रचायचे, वर मोठ्या शिळा टाकून माती लोटायची. आत माणूस वाकून चालतो. मग एका ठिकाणी वाट इतकी अरुंद होते, की पोटावर सरपटल्याशिवाय पुढच्या खोलीत जाताच येत नाही.

आत हवा थंड आणि बाराही महिने जवळपास सारखी, त्यामुळे दूधदुभतं ठेवायला उत्तम, म्हणून हे कोठार असं काही जण म्हणतात. पण रोज लोण्याचं मडकं घेऊन पोटावर कोण सरपटेल? ती अरुंद जागा मुद्दाम केलेली आहे. मशाल घेऊन पाठलाग करणाऱ्याचं डोकं त्या भोकातून आधी आत येतं, आणि आतला माणूस अंधारात वाट बघत बसलेला असतो. गुलाम म्हणून धरून नेण्याची भीती असलेल्या काळात बायकापोरांना काही तास लपवायची ही जागा होती, असं मला जास्त पटतं. एरवी तिच्यात चार वस्तू ठेवल्या जात असतील, त्यात विरोध काही नाही.

बांधलं कधी, सोडलं कधी?

लाकडाची वलयं, कोळशाचं आणि हाडांचं रेडिओकार्बन वय, भांड्यांची घडण, या सगळ्यांचा मेळ घातला तर बहुसंख्य कडी साधारण सन 550 ते 900 या काळात पडतात. सगळी एकाच वेळी नांदती नव्हती, हे 45,000चा आकडा वाचताना लक्षात ठेवा.

दहाव्या शतकापासून नवी कडी बांधणं मंदावलं. राजे मोठे झाले, छोटे शेतकरी त्यांच्या दावणीला बांधले गेले, धान्याचं महत्त्व वाढलं, संपत्ती गाईत मोजण्याची पद्धत ढिली पडली. यातलं कुठलं कारण किती, यावर अजून वाद चालू आहे. आणि सगळीकडे एकदम शेवट झाला असंही नाही: बरेनमधल्या कॅहरकॉनल या दगडी कड्यात मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत आणि त्यानंतरही लोक राहत होते.

इतकी वर्षं टिकली कशी?

भीतीने. दुसरं प्रामाणिक उत्तर नाही.

घरं मोडली, लोक गेले, आणि कड्यांत दुसरी वस्ती आली अशी समजूत पसरली: ‘ती चांगली मंडळी’. परी हा शब्द उच्चारायचा नाही, म्हणून हे टोपणनाव. त्यांच्या राथातलं हॉथॉर्नचं झाड तोडलं, बांधाला कुदळ लावली, तर गाय आटते, घोडा मरतो, माणसाचा हात लुळा पडतो. 1937 ते 1939 दरम्यान आयरिश लोककथा आयोगाने सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतल्या मुलांना आपापल्या आजी-आजोबांकडून गोष्टी लिहून आणायला सांगितलं. त्या वह्यांत अशा कड्यांच्या गोष्टी जागोजाग भेटतात, आणि त्या ‘अमक्याच्या शेतातलं’ म्हणून सांगितलेल्या.

या अंगणांचा आणखी एक उपयोग झाला, आणि तो फार दुःखाचा. बाप्तिस्मा होण्याआधी दगावलेल्या बाळाला चर्चच्या पवित्र भूमीत जागा नसे. बाप रात्री ते बाळ घेऊन जाई आणि निर्जन कड्यात पुरून येई. वर खूण म्हणून एखादा साधा दगड. अशा जागांना ‘किलीन’ म्हणतात, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं. त्या बाळांची धाकटी भावंडं अजून हयात असू शकतात. एखादा म्हातारा शेतकरी ‘तिथे ट्रॅक्टर नेऊ नका’ म्हणतो, तेव्हा त्यामागे दर वेळी परीच असते असं नाही.

ज्याचं शेत, त्याने का सोसायचं?

हा आक्षेप खरा आहे, उडवून लावण्यासारखा नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमीन सुधारण्यासाठी अनुदानं आली, बुलडोझर आले, आणि जे कुदळीने करायला आठवडा लागला असता ते एका दुपारी होऊ लागलं. शेतकऱ्याच्या नजरेने पाहा: सात गुंठे पडीक, यंत्राला वळसा, वर तण. त्याने का जपावं?

कायद्याचं उत्तर असं. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात 1930 सालापासून राष्ट्रीय स्मारकांचा कायदा आहे, 1994च्या दुरुस्तीने नोंदलेल्या प्रत्येक स्थळी काम करण्याआधी दोन महिन्यांची लेखी सूचना बंधनकारक केली, 2023 साली नवा व्यापक कायदा मंजूर झाला. उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा, पण हेतू तोच. केरी काउंटीत एक रिंगफोर्ट भुयारासकट उद्‌ध्वस्त केल्याबद्दल 2012 साली न्यायालयाने 25,000 युरोंचा दंड केला.

पण दंडाने कडं परत येत नाही, आणि एकट्या शेतकऱ्यावर सगळा भार टाकणंही मला अन्यायाचं वाटतं. जे सगळ्यांसाठी राखायचं त्याची भरपाई सगळ्यांनी मिळून द्यावी. शेतीच्या अनुदान योजनांत असे अवशेष जपण्याची अट आणि मोबदला दोन्ही असणं हाच त्यातला धडधाकट मार्ग.

‘मग खणून, नोंदी करून मोकळे का होत नाहीत?’ असंही विचारतात. उत्खनन म्हणजे पुस्तक वाचता वाचता पानं फाडणं नसलं, तरी एकदा थर उचलला की तो परत अंथरता येत नाही. डीअर पार्क फार्म्स खणलं गेलं तेच मुळी शेतसुधारणेत तो उंचवटा जाणार होता म्हणून. आज उवांच्या अवशेषांवरून आपण माणसांची दाटी ओळखतो. शंभर वर्षांपूर्वी ते कोणाला सुचलं नसतं. न खणलेल्या कड्यात काय वाचता येईल, हे पुढच्या पिढीच्या हत्यारांवर अवलंबून आहे.

सपाट झालेलं कडंही सगळं संपत नाही. बुजलेल्या चरातली माती जास्त ओल धरते, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात शेजारचं पीक पिवळं पडलं तरी चरावरचं हिरवं राहतं, आणि आकाशातून पूर्ण वर्तुळ दिसतं. 2018च्या अवर्षणात आयर्लंडमध्ये जुन्या बांधकामांच्या अशा कितीतरी खुणा ड्रोनने टिपल्या.

बघायला जायचं असेल तर

लिमरिक काउंटीतलं लॉक गर, बरेनमधलं कॅहरकॉनल, कॅहरसिव्हीनजवळची लेकॅनबुअले आणि कॅहरगल ही दगडी कडी, डाउन काउंटीतलं ड्रुमेना, ज्याच्या भुयारात उतरता येतं: एवढी ठिकाणं सुरुवातीला पुरेत. बाकीची बहुतेक खासगी शेतांत आहेत. आधी मालकाला विचारा. गुरांत वळू असू शकतो, आणि फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. आत गेलात की पहिल्यांदा पूर्वेकडचा बांध बघा, जिथे चर तुटतो ते दार. अंगणात एखादा लांबट खोलगट भाग दिसला तर तिथे भुयाराचं छत बसलेलं असू शकतं, त्यावर उभं राहू नका. आणि छोटे छोटे दगड ओळीने रोवलेले दिसले, तर त्यांना हात लावू नका.